हणमंता, तुझी पर्ची

हणमंता, तू माझ्याशी खोटं बोललास. अशा लेखाची सुरुवात चार चांगल्या शब्दांनी करतात हे मला ठाऊक आहे, पण माझ्याने ते होणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या टेबलापाशी उभा राहून तू म्हणालास, "गावाला जाऊन येतो. देवाचं काम आहे. आठ दिवसांत परत." मी समोरच्या कागदावरून नजर न हलवता विचारलं, "सगळं ठीक ना?" तू म्हणालास, "बिल्कुल." मग तू करोल बागेत घरी गेलास, रविवारी हॉस्पिटलात भरती झालास, मंगळवारी तुझं ऑपरेशन झालं आणि बुधवारी सकाळी ऑफिसात तुझ्या बायकोचा, सुनंदा वहिनींचा फोन आला. त्या वेळी मी तुझंच एक ड्रॉइंग तपासत होते. त्यात एकही चूक नव्हती.

आज पंधरावा दिवस. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगतो की हणमंत किती चांगला माणूस होता. होतास ना. मी कुठे नाही म्हणतेय? चांगल्या माणसाचाही राग येऊ शकतो, एवढं मात्र कुणाला सांगायची सोय नाही. मेलेल्या माणसावर चिडलेली बाई लोकांना बघवत नाही. म्हणून तुलाच सांगतेय, तुला सवय आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहायला लागल्या होत्या. समोर सरसोचं शेत, त्यात म्हशी, आणि अलीकडे आपलं ऑफिस, जिथे बसून आपण त्या इमारतींच्या छतांतून थंड हवा नेणाऱ्या डक्टची ड्रॉइंगं काढायचो. काढायचास तू, तपासायचे मी. पहिल्याच आठवड्यात तुझं ड्रॉइंग माझ्याकडे आलं, तर त्यावर मापं निम्मी आणि जागोजागी पेन्सिलीने काढलेली बारीक वर्तुळं. मी विचारलं, "अहो, ही वर्तुळं कसली?" तू म्हणालास, "ते मला माहीत आहे." मी कागद परत केला. तू तसाच पुन्हा पाठवलास. मी पुन्हा परत केला. तिसऱ्या खेपेला मी सगळ्यांसमोर ओरडले, "वर्तुळ म्हणजे काय ते शब्दांत लिही, नाहीतर हे ड्रॉइंग इथून बाहेर जाणार नाही!" तू शांतपणे म्हणालास, "चला, 'तुम्ही' गेलं एकदाचं. आता काम होईल."

मला अजून रागावता येतं त्या 'चला'वर.

ती वर्तुळं काय होती ते तू मला चार्टर्ड बसमध्ये सांगितलंस. मी सरोजिनी नगरहून चढायचे, तू धौला कुआंला. त्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती म्हणून बसलास. जिथे साइट सांभाळणारा खुराना हटकून वाद घालणार तिथे एक वर्तुळ, जिथे हवेचे हिशेब करणाऱ्या मॅथ्यूच्या आकड्यांबद्दल तुला शंका तिथे दोन. म्हणजे तुझ्या ड्रॉइंगवर डक्ट कमी आणि माणसं जास्त होती. मी म्हटलं, "हे सगळं तुझ्या डोक्यात ठेवून काय उपयोग?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "अगं यार, माणसं कागदावर उतरत नाहीत." आणि पुढे तूच त्यांना कागदावर उतरवायला निघालास.

ते त्या चार रंगांच्या दिवसानंतर. साहेबांनी आपल्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं होतं. मुंबईहून आलेल्या एक बाई इंग्रजीत प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरांवरून कुणी लाल ठरत होतं, कुणी निळं. जो लाल तो धडाडीचा, जो हिरवा तो सांभाळून घेणारा, असं काहीबाही. खुराना लाल निघाला आणि दिवसभर मिशीला पीळ देत फिरला. मॅथ्यू निळा निघाला आणि त्याने प्रश्नपत्रिकेतच दोन चुका काढून दाखवल्या. तुझा रंग काही लागेना. बाई म्हणाल्या, तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. तू हसून म्हणालास, "मॅडम, सामने कौन बैठा है, उस पर है." तेव्हा मीही हसले होते. आता वाटतं, त्या बाईंना पाच मिनिटांत जे दिसलं ते मला सात वर्षांत दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये तुझी पर्चीची कल्पना निघाली. रद्दी प्रिंटच्या पाठकोऱ्या भागावर प्रत्येकाबद्दल चार ओळी. हा माणूस कसं काम करतो, त्याच्याशी कसं वागावं. नियम दोनच, दोन्ही तुझे. आपली पर्ची आपण लिहायची नाही, आपल्याशी सगळ्यात जास्त भांडणाऱ्याने ती लिहायची. आणि ज्याची पर्ची त्याला ती वाचून दाखवायची. त्याने 'बरोबर' म्हणून खाली सही केल्याशिवाय फाइलला लावायची नाही. मी म्हटलं, "हा पोरखेळ आहे." तू म्हणालास, "बिल्कुल."

खुरानाची मॅथ्यूने लिहिली, मॅथ्यूची खुरानाने. दोघं त्या वेळी एकमेकांशी बोलतही नव्हते. एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर डक्ट थेट बीममध्ये घुसला होता आणि खुरानाचं म्हणणं, मॅथ्यूने आधीच 'हो' म्हटलं होतं. तू दोघांना समोरासमोर बसवलंस. खुराना गरजला, "मैंने पूछा था, जगह है? इसने बोला, देखता हूँ!" मॅथ्यू हळूच म्हणाला, "देखता हूँ मतलब नहीं है." खुरानाने कपाळावर हात मारला. "तो नहीं बोल ना यार!" मॅथ्यू म्हणाला, "आप सुनते कहाँ हैं? आप तो चिल्ला रहे थे." मग तू मधे पडलास. खुरानाला सांगितलंस की मॅथ्यूला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही, तो 'देखता हूँ' म्हणाला की नकार समजून पुढचा प्रश्न विचारायचा. मॅथ्यूला सांगितलंस की खुरानाचं ओरडणं चहा गार होईपर्यंत टिकतं, तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचं आणि मग बोलायचं. दोघांनी जशीच्या तशी ती वाक्यं लिहून काढली, सह्या केल्या. त्यानंतर मॅथ्यू खरंच चहाच्या कपाला बोट लावून बघायचा, गार झाला की तोंड उघडायचा. खुरानाला ते कळायचं आणि तो स्वतःच हसायचा.

आबांचं गलाईचं दुकान होतं ना तुमचं, जुने दागिने वितळवून सोनं वेगळं काढायचं. मी एकदा म्हटलं होतं, बापाचा धंदा पोराने ऑफिसात सुरू केलाय. तुला ते भलतंच आवडलं होतं, वहिनींना घरी जाऊन सांगितलं होतंस. त्यांनी परवा मला त्याची आठवण करून दिली.

पण माझं म्हणणं मी कधी सोडलं नाही, आणि आजही सोडणार नाही. पर्च्या ठीक होत्या, तू ठीक नव्हतास. फाइल होती तरी माणसं तुझ्याकडेच यायची. साहेब चिडलेत का, हणमंतला विचारा. मॅडम ड्रॉइंग आज पास करतील का, हणमंतला विचारा. मी तर तुझ्या शेजारच्याच टेबलाशी बसायचे! मला विचारायला काय झालं होतं? तुलाही ते आवडायचं, खोटं बोलू नकोस. सगळ्यांच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात घेऊन फिरायला कुणाला आवडत नाही? बसमध्ये, कँटीनमध्ये, लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अंधारात, आपलं हे एकच भांडण किती वर्षं चाललं. मी म्हणायचे, लिहून ठेव. तू म्हणायचास, मी आहे ना. आणि होळीच्या आधी एकदा मी वैतागून म्हटलं, "आणि उद्या तू नसलास तर? आम्ही काय करायचं?"

तू नेहमीसारखा हसला नाहीस. बसच्या पुढच्या सीटचा दांडा धरून बसलास आणि म्हणालास, "बरोबर आहे तुझं." सात वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही.

आता मला ठाऊक आहे की त्या आधी आठ दिवस डॉक्टरांनी तुला हृदयाची झडप बदलायला सांगितली होती.

त्यानंतर तुझी ड्रॉइंगं बदलली. मापं पूर्ण, अक्षर सुवाच्य, वर्तुळ एकही नाही. जिथे वर्तुळ असायचं तिथे वाक्य. 'इथे खुरानाजींना आधी फोन करावा.' 'हा आकडा मॅथ्यूकडून पुन्हा तपासून घ्यावा, तो रागावणार नाही.' जुन्या कामांचे गठ्ठे काढून त्यांवरही तू अशाच टिपा लिहायला लागलास. डबा खाऊन झाला की बसायचास लिहीत. मला वाटलं, मी जिंकले. एवढ्या वर्षांनी का होईना, या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. एका शुक्रवारी मी ऑफिसला समोसे मागवले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की हणमंत सुधारले. टाळ्या वाजल्या. खुरानाने तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू समोशाचा एक कोपरा मोडलास आणि बाकीचा बशीत तसाच ठेवलास. त्यावरूनही मी तुला बोलले, एवढं कौतुकाने मागवलंय आणि टाकतोस काय म्हणून. तू म्हणालास, "पोट भरलंय. बिल्कुल."

मी तुझ्या निरवानिरवीचे समोसे वाटले, हणमंता. तू ते वाटू दिलेस.

हे मी कसं विसरू, सांग. दुसऱ्या कुणाच्या कामात असा फरक पडला असता तर तू दुपारपर्यंत त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसला असतास. खुराना शांत झाला की विचारायचं, मॅथ्यू भराभर बोलायला लागला की विचारायचं, हे तूच आम्हाला शिकवलंस. माणूस आपली रीत सोडतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं, हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. आणि तू तुझी रीत सोडलीस तेव्हा मी तुला शाबासकी दिली. यात माझी चूक आहेच, ती मी कुणावर ढकलत नाही. पण तू समोर उभा होतास ना? तुला सगळं कळत होतं ना? एक शब्द टाकला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?

तेराव्याला मी करोल बागेत आले होते. जिन्यात चपलांचा खच, वर तुझ्या गावाकडची माणसं, आबा भिंतीला टेकून बसलेले. वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटलं, मीनाताईंना तरी सांगा. तर म्हणाले, नको, ती ओरडेल." मी तिथेच ओरडले. चार बायका दारातून डोकावल्या. ओरडले असते रे! त्यासाठीच तर सांगायचं असतं. पाच महिने कशाला थांबलास म्हणून ओरडले असते, हातातला टॉवर पूर्ण होऊ दे म्हणून ऑपरेशन पुढे ढकललंस त्यावर ओरडले असते, तुझ्या हातातून कागद ओढून घेऊन तुला हॉस्पिटलात नेऊन बसवलं असतं. वाचला असतास की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पण हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर मी असते, खुराना असता, मॅथ्यू असता. त्या बाकावर वहिनी एकट्या बसल्या होत्या, हणमंता.

तुझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "आत्या, बाबा ऑफिसमध्ये पण बिल्कुल-बिल्कुल बोलायचे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "घरी पण. मम्मी म्हणते, बिल्कुल म्हणजे काहीतरी लपवतायत." दहा वर्षांच्या पोरीला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. ते आमच्या फाइलमध्ये नव्हतं, कारण तुझी पर्चीच नव्हती.

तुझी पर्ची मी लिहायची होती. नियमच होता तसा, तुझ्याशी माझ्याएवढं भांडलं कोण? मी दोनदा कागद घेऊन आले. पहिल्यांदा तू म्हणालास, आधी बाकीच्यांच्या होऊ देत. दुसऱ्यांदा म्हणालास, "माझी राहू दे गं. मला इथे सगळे ओळखतात." आणि मी राहू दिली. माझ्या टेबलावर कामाचा ढीग होता. फाइलमध्ये तुझ्या नावाचा एक कोरा कागद तेवढा लावून ठेवला, पुढे कधीतरी लिहीन म्हणून.

माझी मात्र तू लिहिलीस. ती कधी लिहिलीस तेही मला आठवतं. बाबा रिटायर झाले, सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडायची नोटीस आली. ज्या घरात मी चालायला शिकले तिथलं सामान बांधत होते आणि ऑफिसात तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते. सगळ्यांना वाटलं, मॅडमचा मूड आज बरा आहे. चौथ्या दिवशी तू डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलास, खुर्ची ओढलीस आणि गुपचूप जेवलास. काही विचारलं नाहीस, समजूत घातली नाहीस. लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणात ठेवलीस. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी मी तुझ्या वर्तुळांवरून तुला झापलं तेव्हा तू समाधानाने उठून गेलास आणि संध्याकाळी पर्ची आणून दिलीस. हिंदीत, सगळ्यांना वाचता यावी म्हणून. 'ये चिल्लाएँ तो समझो सब ठीक है. चुप हो जाएँ तो पास जाकर बैठो. बोलना मत.' मी नाक मुरडलं, पण सही केली. त्या सहा दिवसांबद्दल मी तुला कधी एक शब्दही म्हटला नाही. आत्ता म्हणते. त्या दिवसांत तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी ऑफिसला आले आणि गप्प होते. ड्रॉइंगं आली तशी सह्या करून पाठवत होते, तपासत नव्हते. काल जेवणाच्या सुट्टीत खुराना साइटवरून आला, बुटांना सिमेंट तसंच. त्याने खुर्ची ओढली, माझ्या टेबलाच्या कडेला बसला आणि डबा उघडला. तो माणूस, ज्याला घास गिळायच्या आत तीन वाक्यं बोलायची असतात, तो अर्धा तास एक अक्षर बोलला नाही. मग पलीकडून मॅथ्यूही आपली खुर्ची घेऊन आला. आपल्या चहाच्या कपाला त्याने बोट लावून पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. शेवटी मीच विचारलं, "क्या है? ऐसे क्यों बैठे हो?" खुराना म्हणाला, "मैडम, पर्ची में लिखा है." आणि डोळे पुसत डब्याचं झाकण लावायला लागला. ते झाकण त्याला लागेना.

म्हणजे तुझी पर्चीची कल्पना बरोबर होती. माणसं कागदावर उतरतात, आणि तू नसतानाही तो कागद काम करतो. तुझ्यामुळे मी त्या दोघांसमोर रडले आणि नंतर खुरानाला एका चुकीच्या मापावरून असं झापलं की सगळं ऑफिस उभं राहून बघायला लागलं. तो इतका खूश झाला की विचारू नकोस. पण मग हेही सांग, एवढी चांगली सोय तू सगळ्यांसाठी केलीस, तर स्वतःला तीतून का वगळलंस? तुझ्याशेजारी खुर्ची ओढून बसणारी माणसं आम्ही नव्हतो का? तुला आमची मापं पाठ होती, आणि आम्ही तेवढेही पुरणार नाही असं तुझं तूच ठरवून टाकलंस. माझा सगळ्यात मोठा राग याच्यावर आहे. तो जाणार नाही, आणि मला तो घालवायचाही नाहीये.

आज मी फाइल काढली, तुझ्या नावाचा कोरा कागद बाहेर घेतला आणि लिहिलं.

'हणमंत. काम सांगितलं की हो म्हणतो, आणि करतो. सगळ्यांचं ऐकून घेतो, स्वतःचं सांगत नाही. बिल्कुल म्हणाला की विश्वास ठेवू नका. याचं काम एकाएकी नीटनेटकं दिसायला लागलं तर कौतुक करू नका, हातातलं टाकून याच्याजवळ जा. टाळाटाळ करेल. ओरडा. ओरडलेलं याला चालतं.'

कागद फाइलला लावता येत नाही. नियम तुझाच आहे, वाचून दाखवायची आणि त्याने सही केल्याशिवाय लावायची नाही. म्हणून मघाशी, सगळे चहाला गेले होते तेव्हा, तुझ्या रिकाम्या टेबलाशी उभी राहून मी ती मोठ्याने वाचली. खाली सहीपुरती जागा सोडली आहे. यात काही चुकलं असेल तर गप्प राहू नकोस, हणमंता. भांड माझ्याशी.